दादा, फोटो कधी मिळणार?

क्लिक व्हायला सेकंदाचा छोटासा तुकडा पुरतो. मग फोटो हातात यायला आठवडा का लागतो? त्या आठवड्यात आपल्या चेहऱ्याचं नक्की काय होतं? आणि काय होऊ नये, हे ठरवायचं कुणी? कोल्हापुरातल्या एका पोर्ट्रेट स्टुडिओत तीन दिवस बसून बघितलेलं, ऐकलेलं.

प्लेसमेंटचा सीझन आला की हॉस्टेलमध्ये दोन गोष्टींची शोधाशोध सुरू होते. एक इस्त्री, दुसरा बरा फोटो. माझ्या रूममेटकडे रेझ्युमेवर लावण्यासारखे दोनच फोटो होते. एक बारावीच्या फॉर्मवरचा, डोळे वटारलेला. दुसरा मावसबहिणीच्या लग्नातला. तो कितीही क्रॉप केला तरी कुणाचा तरी हात तिच्या खांद्यावर उरायचाच. शेवटी उसना ब्लेझर घेऊन आम्ही राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत गेलो.

चाळीस मिनिटांत शूट झालं. तिनं लगेच मोबाईल पुढे केला. "दादा, आत्ताच व्हॉट्सॲप करा ना." दादा म्हणाला, "पुढच्या शनिवारी ये." गाडीवर बसल्या बसल्या तिचं सुरू झालं, "सात दिवस? मी पाच मिनिटांत रील एडिट करते. हा सात दिवस करतो काय?"

प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमचं पान बघणाऱ्या ताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग मला काय विचारतेस? जाऊन बस, बघ आणि लिही."

फोटोग्राफर तयार झाला, पण दोन अटींवर. एक, दुसऱ्या कुणाचाही फोटो स्क्रीनवर असेल तेव्हा मी बाहेर जायचं. दोन, त्याचं नाव छापायचं नाही. "नाव टाकलंस की लोक म्हणणार, जाहिरात केली." म्हणून इथे त्याला नुसतं 'दादा' म्हणते. रूममेटचे फोटो एडिट होताना बघायची परवानगी तिच्याकडून घेतली. तिची किंमत एक मिसळ, वर एक्स्ट्रा कट.

आधी कात्री

मला वाटलं होतं, दादा आल्या आल्या फोटोशॉप उघडेल. त्यानं आधी कार्डवरचे सगळे फोटो दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवले. दोन्ही कॉपी उघडून बघितल्या. "दोन कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. हा नियम मी एकदा मोडला होता, परत मोडला नाही," एवढंच तो म्हणाला. पुढं काय झालं होतं ते सांगितलं नाही.

मग निवड. चाळीस मिनिटांत १६८ फोटो निघाले होते. पहिल्या फेरीत डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं असलेले, हलल्यामुळे पुसट झालेले फोटो गेले. दुसऱ्या फेरीत प्रत्येक फोटो पूर्ण मोठा करून डोळे बघायचे. फोकस पापण्यांवर आहे की कानावर? कानावर असेल तर फोटो बाद, मग हसू कितीही छान असो. तिसऱ्या फेरीत जुळे फोटो. एकाच हावभावाचे सहा असतील तर त्यातला एक ठेवायचा. तासाभरात १६८ चे २४ झाले. हे २४ छोट्या साइजमध्ये, वर वॉटरमार्क टाकून रूममेटला गेले. त्यातले पाच तिनं निवडायचे आणि एडिट त्याच पाचांचं होणार.

इथे एक गंमत झाली. दादाला सगळ्यात आवडलेला फोटो तिनं पहिल्या झटक्यात नाकारला. "मी अशी वाकडी दिसते?" दादा हसला. त्याला हे रोजचं आहे. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो आणि आरशात डावं-उजवं उलटं असतं. भांगही उलटा दिसतो. फोटोत आपण जगाला दिसतो तसे येतो, त्यामुळे स्वतःचाच चेहरा किंचित परका वाटतो. बाकी कुणालाच तो वाकडा वाटत नाही. म्हणून निवड करताना शेजारी एक मैत्रीण किंवा मित्र बसवावा, हा दादाचा सल्ला. मी शेजारी बसले. तो फोटो पाचांत आला.

कच्चं पीठ

"निवडायला आणखी वेळ पाहिजे. सगळेच फोटो दे ना, जसे आहेत तसे," हे प्रत्येक क्लायंट म्हणतो. आम्हीही म्हणालो. दादानं एक मूळ फाइल उघडून दाखवली. फिकट, सपाट, जीव नसलेली. मोबाईलचा फोटोसुद्धा याच्यापेक्षा बरा वाटावा अशी.

ही 'रॉ' फाइल. आपला मोबाईल फोटो काढतो तेव्हाच आतल्या आत रंग, उजेड, धार सगळं ठरवून तयार जेपेग हातात देतो. रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याच्या सेन्सरनं टिपलेली सगळी माहिती तशीच ठेवलेली असते. आकड्यात सांगायचं तर साध्या जेपेगमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या अशा प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्याच पायऱ्या १६,३८४ होतात. म्हणून अंधारात गेलेले केस किंवा जास्त उजेड पडलेलं कपाळ रॉमधून बऱ्यापैकी परत आणता येतं. जेपेगमध्ये तेच करायला गेलं की डाग आणि पट्टे दिसायला लागतात.

"मग रॉ का देत नाही?"

"खानावळीत भाकरी मागितलीस तर पीठ देतात का? पीठ घरी नेऊन तू काहीतरी थापणार आणि लोकांना सांगणार, ह्या खानावळीची भाकरी आहे."

पटलं. बहुतेक पोर्ट्रेट फोटोग्राफर रॉ फाइल देत नाहीत आणि न निवडलेले फोटोही देत नाहीत. काही जण जास्तीचे पैसे घेऊन देतात. पण हे शूटच्या आधी विचारायचं असतं, नंतर भांडायचं नसतं.

"जरा उजळ करा"

एडिटिंगचा पहिला टप्पा पूर्ण फोटोचा. त्यासाठी दादा लाइटरूम वापरतो. शूटच्या सुरुवातीला त्यानं रूममेटच्या हातात एक राखाडी कार्ड देऊन फोटो काढला होता. तेव्हा आम्हाला तो टाइमपास वाटला. आता कळलं. राखाडी म्हणजे राखाडीच, त्यात पिवळं-निळं काही नसतं. फोटोतलं ते कार्ड खरोखर राखाडी दिसेपर्यंत रंग जुळवला की बाकीचे रंगही आपोआप जागेवर येतात. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. स्टुडिओच्या हिरवट भिंतीची झाक तिच्या गालावर आली होती, ती गेली. मग उजेड, कॉन्ट्रास्ट, क्रॉप. एका फोटोवर केलेली ही सेटिंग बाकीच्या चारांवर कॉपी झाली. इथपर्यंत काम फटाफट झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रूममेट स्वतः बघायला आली. पाच मिनिटं गप्प बसली आणि मग हळूच म्हणाली, "दादा, थोडी फेअर कराल? जास्त नको. जरासंच."

दादानं नाही म्हटलं नाही. त्यानं फोटोची एक कॉपी केली आणि तिच्यासमोर चेहरा उजळ केला. मग म्हणाला, "आता मान बघ." मान सावळी, चेहरा पांढुरका. मान उजळली. मग हात वेगळे दिसायला लागले. हात उजळले, तर पांढरा शर्ट मळका वाटायला लागला. शर्ट उजळला, तर ब्लेझरचा निळा रंग विटला. शेवटी त्यानं दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि तिला म्हणाला, "आता मोबाईलचा कॅमेरा चालू कर आणि स्वतःकडे बघ. इंटरव्ह्यूला यातली कुठली जाणार आहे?"

ती काही बोलली नाही. डावीकडच्या, म्हणजे खऱ्या फोटोवर बोट ठेवलं. जाता जाता मात्र म्हणाली, "ती दुसरी इन्स्टासाठी द्या की." दादा म्हणाला, "ती मी सेव्हच केली नाही."

हा प्रसंग लिहायला ती लगेच हो म्हणाली नव्हती. मग म्हणाली, "लिही. सगळ्याच मागतात हे."

खरंच सगळ्याच मागतात, आणि सगळेही मागतात. दादाच्या म्हणण्याप्रमाणे आता मुलगेही मागतात, आणि बायोडेटाचा फोटो असेल तर सोबत आलेली काकू किंवा आत्या मागते. पण दोष फक्त मागणाऱ्यांचा नाही. फोटोचं तंत्रच बराच काळ गोऱ्या कातडीकडे झुकलेलं होतं. कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना कार्ड पाठवायची, 'शर्ली कार्ड'. त्यावर एक गोरी बाई असायची. तिचा रंग बरोबर आला म्हणजे मशीन बरोबर. सावळ्या लोकांचं काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नव्हता. वेगवेगळ्या वर्णाच्या स्त्रिया असलेली कार्डं यायला १९९० चं दशक उजाडलं. आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' २०२० मध्ये गेला. आपल्या तोंडातला अजून गेलेला नाही.

"सावळा रंग नीट दाखवायचा असेल तर तो उजळवायचा नसतो, त्याला उजेड नीट द्यायचा असतो," दादा म्हणतो. म्हणजे हे काम शूटच्या वेळचं, एडिटिंगचं नाही.

पंधरा दिवसांचा नियम

आता फोटोशॉप. एकेका चेहऱ्याचं काम इथे होतं आणि वेळ जातो तो इथेच. दादाचा एक साधा नियम आहे. जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार आहे, ते तो काढतो. जे कायमचं आहे, ते विचारल्याशिवाय काढत नाही.

पिंपल, खरचटलेलं, फुटलेले ओठ, जागरणाचे लाल डोळे, ब्लेझरवरचा धागा हे सगळं जाणार. तीळ, जन्मखूण, जुना वण, दातातली फट, गालावरची खळी हे राहणार. मधल्या गोष्टी फक्त हलक्या होणार. डोळ्यांखालची काळी वर्तुळं तो पूर्ण पुसत नाही, निम्मी करतो. पूर्ण पुसली की डोळे चिकटवल्यासारखे दिसतात. रूममेटच्या गालावर पिंपल्सचे जुने खड्डे आहेत. पिंपल गेले. खड्ड्यांची सावली हलकी झाली, पण खड्डे राहिले.

हे कसं केलं तेही बघितलं. पिंपलसाठी हीलिंग ब्रश. फोटोशॉपमध्ये हे टूल २००२ मध्ये आलं. शेजारच्या चांगल्या त्वचेचा पोत घेऊन ते डागावर बसवतं आणि रंग तिथलाच ठेवतं. खड्ड्यांसाठी 'डॉज अँड बर्न', म्हणजे गडद ठिपके कणाकणानं उजळ करायचे आणि जास्त उजळ ठिपके गडद करायचे. हे शब्द डार्करूममधले. कागदावर प्रकाश पाडताना एखाद्या भागावर हात आडवा धरला की तो भाग उजळ येतो, जास्त वेळ प्रकाश दिला की गडद येतो. दादा स्क्रीनवर तेच करतो, फक्त पेन टॅब्लेटनं. मध्येच फोटो लहान करून लांबून बघतो. पुन्हा मोठा करतो. चष्म्यात ट्यूबलाइटची रेघ आली होती, ती काढायला दहा मिनिटं गेली. उडालेल्या बटांना आणखी पाच. एका फोटोला एकूण पंचवीस मिनिटं लागली.

"ब्युटी फिल्टर हेच एका सेकंदात करतो की," मी म्हणाले.

"करतो. पण तो पिंपल आणि तीळ यात फरक करत नाही. सगळ्यावरून एकच रंधा फिरवतो." गालावरची छिद्रं, बारीक लव, ओठांवरच्या रेषा गेल्या की चेहरा मेणाचा दिसायला लागतो.

चेहरा बारीक करणं, नाक छोटं करणं, पोट आत घेणं यासाठीही टूल आहे, लिक्विफाय. ब्लेझरला पडलेला फुगवटा सरळ करायला दादा ते वापरतो. हाडांवर वापरत नाही. जगात यावर कायदेही झाले आहेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर एडिटिंगनं बारीक किंवा जाड केलं असेल तर तसं फोटोवर लिहावं लागतं. नॉर्वेनं २०२१ मध्ये असाच कायदा केला, त्यात त्वचाही आली. आपला रेझ्युमे म्हणजे काही परफ्युमची जाहिरात नाही, पण मुद्दा तोच आहे.

आणि हे सगळं कॉम्प्युटरमुळे आलं असंही नाही. दादाचे वडील अजून संध्याकाळी स्टुडिओत येऊन बसतात. त्यांच्या काळात टचिंग पेन्सिलीनं व्हायचं. तिरक्या काचेखाली उजेड, काचेवर निगेटिव्ह, हातात सुईसारखी टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. सुरकुती तिथे पातळ, पारदर्शक दिसते. तिच्यावर पेन्सिलीचे बारीक ठिपके दिले की छापलेल्या फोटोत ती हलकी होते. "जास्त पेन्सिल लागली की माणूस बटाट्यासारखा गुळगुळीत यायचा," काका म्हणाले. "गिऱ्हाईक खूश व्हायचं. घरातली माणसं नाही."

काकांच्या या वाक्यावर मी लिहायचं थांबले. कारण आमच्या घरात असा एक फोटो आहे.

भुवईवरचा वण

मागच्या वर्षी माझे आजोबा गेले. दहाव्या दिवसाच्या आत फ्रेम हवी होती. बाबांनी पेन्शनच्या कागदावरचा त्यांचा पासपोर्ट फोटो एका दुकानात दिला. दोन तासांत मोठा फोटो तयार झाला. मागे निळं आभाळ, अंगात कोट, चेहरा तुकतुकीत. बाबा घाईत होते. त्यांनी फ्रेम घेतली आणि ते गावी आले.

आजीनं फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "ह्यो कुणाचा फोटू आणलास रं?"

आजोबांच्या डाव्या भुवईतून एक वण गेला होता. तरुणपणी बैलानं शिंग मारलेलं. त्या वणामुळे भुवई मधोमध तुटलेली दिसायची. आम्ही नातवंडं लहानपणी त्यावरून बोट फिरवायचो आणि ते दर वेळी तीच बैलाची गोष्ट थोडी वाढवून सांगायचे. दुकानातल्या माणसानं डाग समजून तो पुसला होता. त्याची तरी काय चूक? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं. पासपोर्ट फोटोची मूळ कॉपी त्या गडबडीत हरवली. वर्ष झालं, हार त्याच फोटोला घालतोय. आजी रोज हात जोडते, पण फोटोकडे बघत नाही.

दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणून मी मूळ फाइल कधीच बदलत नाही. सगळं टचिंग वेगळ्या लेयरवर. उद्या तू म्हणालीस, वण परत पाहिजे, तर एक क्लिक." मग थोडं थांबून म्हणाला, "त्यांचा दुसरा कुठलाच फोटो नाही?"

काय जमत नाही

'नंतर एडिट करू' हे आपलं लाडकं वाक्य. पण एडिटिंगला मर्यादा आहेत. फोकस चुकलेला डोळा धारदार होत नाही. ताणलेलं, खोटं हसू खरं होत नाही. चुरगळलेला शर्ट दुरुस्त होतो, पण त्याला तास लागतो. इस्त्रीला पाच मिनिटं लागतात. चष्म्याची चकाकी शूटच्या वेळी मान किंचित खाली केली तरी जाते. आदल्या रात्रीची झोप कुठल्याही लेयरवर मिळत नाही.

'एआय दोन मिनिटांत हेडशॉट देतं, मग स्टुडिओ कशाला?' हाही प्रश्न विचारला. एआय दादाही वापरतो. बॅकग्राउंडपासून माणूस वेगळा करायला, एकसारखे फोटो शोधायला. तासाचं काम मिनिटांवर आलं. पण सेल्फीवरून एआयनं बनवलेला हेडशॉट म्हणजे तुमच्या चेहऱ्याचा अंदाज. कधी छान जमतो, कधी दात जास्तीचे येतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या फोटोत तर असा चेहरा चालतच नाही. तिथे फिल्टर आणि टचिंग दोन्ही नको. मास्टर्ससाठी बाहेर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. अमेरिकेच्या व्हिसाला २ बाय २ इंचाचा फोटो लागतो, म्हणजे आपल्या नेहमीच्या पासपोर्ट फोटोपेक्षा आकारही वेगळा. कशासाठी फोटो हवाय हे आधी सांगितलं तर फोटोग्राफर त्याप्रमाणे काढेल.

शूटच्या आधी हे बोलून घ्या

तीन दिवसांत माझ्या वहीत जे उतरलं त्याची ही यादी.

किती फोटो मिळणार? काढलेले किती आणि एडिट करून मिळणारे किती, हे दोन वेगळे आकडे असतात. पॅकेजमध्ये दुसरा आकडा महत्त्वाचा.

कधी मिळणार? सात दिवस म्हणजे सात दिवस फक्त तुमच्या फोटोवर काम असं नाही, तुमच्या आधी रांग असते. शिवाय दादा रात्री संपवलेला फोटो सकाळी ताज्या डोळ्यांनी पुन्हा बघतो, आणि बऱ्याचदा रात्री जास्त झालेलं टचिंग सकाळी कमी करतो. तुमची अर्जाची तारीख जवळ असेल तर आधीच सांगा.

काय काढायचं, काय ठेवायचं? तीळ, वण, जन्मखूण यांबद्दल स्वतःहून बोला. 'रंग बदलू नका' किंवा 'दात तसेच राहू द्या' हे सांगायला लाजू नका. त्यानं विचारलं नाही, तरी तुम्ही सांगा.

दुरुस्ती किती वेळा? बरेच फोटोग्राफर एक फेरी फुकट देतात. 'काहीतरी वेगळं वाटतंय' असं म्हणू नका. 'उजव्या डोळ्याखाली जास्त गुळगुळीत झालंय' असं नेमकं सांगा.

फाइल कुठल्या साइजची? स्क्रीनसाठी छोटी आणि प्रिंटसाठी मोठी अशा दोन मागा. ८ बाय १० इंचाच्या चांगल्या प्रिंटला ३०० डीपीआयनं २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, म्हणून लिंक घ्या किंवा 'डॉक्युमेंट' करून मागवा.

फोटो कुणाचा? कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क फोटो काढायला सांगणाऱ्याचा असतो, वेगळा करार झाला नसेल तर. शेवटचे पाच शब्द महत्त्वाचे. स्टुडिओच्या फॉर्मवर सही करण्याआधी वाचा. आपला फोटो त्यांच्या इन्स्टावर चालणार आहे का, तेही तिथेच ठरवा.

शनिवार

शनिवारी रूममेटला पाच फोटो मिळाले. तिनं मोठा करून आधी गाल बघितले. खड्डे होते. मग फोटो लहान केला, लांब धरला. "मीच आहे," म्हणाली आणि रेझ्युमेवर चिकटवला. तिच्या आईचा फोनवर पहिला प्रश्न, "जरा उजळ नाही का करून दिला?" रूममेट म्हणाली, "आई, उजेड बरोबर दिलाय."

मी त्या दिवशी स्टुडिओत वेगळ्या कामासाठी गेले होते. आत्तेभावाच्या लग्नातला एक मोबाईल फोटो सापडला होता. पंगतीत आजोबा कुणाकडे तरी बघून हसतायत, डोक्यावर टोपी तिरकी, मागे वाढप्याचा अर्धा हात. दादानं तो हात काढला, मागचा मांडव साधा केला, पिवळा उजेड कमी केला. चेहऱ्याला हात लावायच्या आधी माझ्याकडे वळून विचारलं, "काय काय ठेवायचं?"

मी सांगितलं. वण. टोपी तिरकी. पुढचा पडलेला दात.

रविवारी गावी फ्रेम नेली. आजीनं पदरानं काच पुसली, खरं तर काच स्वच्छच होती. मग भुवईवर बोट ठेवलं आणि मला बैलाची गोष्ट सांगायला लागली. मला ती पाठ होती. तरी ऐकली.